प्रकाश-उत्प्रेरण : रंगीत सांडपाण्यावरील प्रक्रिया

प्रकाश पडताच पाण्यातील रंगद्रव्यांचे रेणू तोडणारी अतिसूक्ष्म अर्धवाहक भुकटी वापरून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत. टिटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड हे यातले नेहमीचे पदार्थ. कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे. तळोजा, रोहा, महाड, लोटे-परशुराम या रासायनिक वसाहतींमुळे कोकणात हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. ऑगस्ट २०१७मध्ये तळोज्यात निळ्या अंगाची कुत्री फिरताना दिसली आणि कासाडी नदीत जाणाऱ्या रंगाची चर्चा देशभर झाली.

कापडाचा रंग ऊन, साबण, घाम यांना दाद देऊ नये म्हणूनच घडवलेला असतो. मग जिवाणू तरी त्याला सहजी कसे पचवणार? तुरटी घालून तो खाली बसवला, तर रंगीत गाळ उरतो आणि तो टाकायचा कुठे हा पेच येतो. प्रकाश-उत्प्रेरणात रेणूच मोडतो.

अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातील टिटॅनियम डायऑक्साइडचे पट्ट-अंतर (इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जापट्टातून वरच्या पट्टात जायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात उडी घेतो आणि मागे धन विवर, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, राहते. विवर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) बनवते, इलेक्ट्रॉन प्राणवायूपासून सुपरऑक्साइड; हे दोघे रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. इलेक्ट्रॉन-विवरांच्या बहुतेक जोड्या मात्र काही करण्याआधीच पुन्हा एकत्र येतात. कण बारीक असला की पृष्ठभाग जवळ पडतो, म्हणून नॅनो आकाराचे महत्त्व. १९७२मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले. पुढचे बरेचसे संशोधन तिथून फुटले. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के असल्याने नायट्रोजन मिसळलेले टिटॅनियम डायऑक्साइड किंवा २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पट्ट-अंतराचे ग्रॅफाइटी कार्बन नायट्राइड असे दृश्य प्रकाशावर चालणारे पर्याय शोधले गेले.

टिटॅनियमचे खनिज कोकणाला परके नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड, पूर्णगड भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असते. त्यातून निघणारी भुकटी मात्र चुन्यासारखी पांढरीफेक.

प्रयोगशाळेत बहुधा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्यावर चाचणी घेतात. निळ्या पाण्यात भुकटी टाकून चंचुपात्र आधी अर्धा तास अंधारात ढवळतात, म्हणजे कणांना नुसता चिकटलेला रंग हिशेबात येत नाही. मग उन्हात ठेवून ठरावीक वेळाने नमुना काढायचा, भुकटी वेगळी करायची आणि ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण मोजायचे. पाणी नितळ झाले की अहवालात ‘विघटन’ असे लिहिण्याची घाई होते. पण मिथिलीन ब्लू न मोडता नुसते क्षपण होऊनही (इलेक्ट्रॉन मिळूनही) रंगहीन होतो आणि हवा लागताच पुन्हा निळा पडतो. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला हे पाहिल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

कारखान्याच्या गडद पाण्यात प्रकाश आत शिरत नाही, त्यामुळे ही पायरी जैविक प्रक्रियेनंतरची. पाण्यातले क्लोराइड मूलकांना मध्येच गिळते; खारट सांडपाण्यात वेग मंदावतो. भुकटी पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून ती काचेवर बसवतात, पण मग पृष्ठभाग घटतो. आणि पाऊस. ओढ्यांना पूर आला की त्याच्या आड सांडपाणी सोडले जाते, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची जुनी तक्रार. जून ते सप्टेंबर ऊन नसते तेव्हा अतिनील दिवे लावावे लागतात, आणि त्यांचे वीजबिल सुरू होते.