वरचढ पाय आणि गुडघ्याची जाणीव: मोजमापाची पार्श्वभूमी

डोळे मिटले तरी आपला गुडघा किती वाकलाय हे कळतं. या जाणिवेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं ती मुख्यतः सांध्यातून येते असं मानलं गेलं. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, कंप दिला. कोपर आहे त्यापेक्षा जास्त सरळ झालंय, असं लोकांना वाटू लागलं. स्नायू ताणला गेल्याची खोटी वर्दी मेंदूला पोचली होती. तेव्हापासून स्नायूंना त्यांचं खरं श्रेय मिळालं.

ही जाणीव वरचढ पायात जास्त नेमकी असते का, हे पाहायचं तर आधी वरचढ पाय कोणता ते ठरवावं लागतं. हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. चेंडू मारणारा पाय वरचढ, असं धरण्याची पद्धत आहे. पण तेव्हा शरीराचा भार दुसराच पाय पेलत असतो. संशोधक मायकेल पीटर्स यांनी १९८८ मध्ये हा भेद नेमका मांडला: एक पाय काम करतो, दुसरा आधार देतो. आपल्या लंगडीत तर उडी मारणं आणि तोल सांभाळणं एकाच पायाकडे असतं. तिथे ‘वरचढ’ कोणाला म्हणायचं? म्हणून चाचणीच्या नोंदीत चेंडू मारायचा पाय आणि एका पायावर उभं राहायचा पाय, दोन्ही लिहावेत.

गुडघ्याची जाणीव मोजायची चाचणी दिसायला सोपी. टेबलाच्या कडेला बसवून पाय लोंबते ठेवायचे, डोळे बांधायचे, गुडघा सावकाश ४५ अंशांवर न्यायचा, ५ सेकंद धरायचा, परत आणायचा. मग त्याच पायाने तोच कोन गाठायला सांगायचं. घट्ट पँट नको, कापडाचा ताणच कोन सांगून टाकतो. दर वेळी तोच कोन दिला तर माणूस पाठ करतो. चाचणीआधी स्नायू कसा आवळला होता, यानेही उत्तर सरकतं. सरासरी काढताना चिन्ह ठेवलं तर अधिक ४ आणि उणे ४ मिळून शून्य होतं, म्हणून चूक किती अंशांची हे चिन्ह सोडून मोजतात. कल कोणत्या बाजूला आहे ते वेगळं लिहितात.

एका पायाचा कोन दुसऱ्याने जुळवायची चाचणीही आहे. दोन पायांची तुलना करायची असेल तर ती टाळावी. चूक निघते, पण ती नमुना देणाऱ्या पायाची की जुळवणाऱ्याची, हे सुटं करता येत नाही. निरोगी माणसांत डाव्या-उजव्यातला फरक बहुधा किरकोळ निघतो, इतका की मोजणीतल्या ढिलाईतच तो बुडून जाऊ शकतो.