पाण्यावरून रणगाडा नेण्याचं गणित

6 ऑक्टोबर 1973 च्या दुपारी दोनच्या सुमारास इजिप्तचं सैन्य इस्रायलवर चढाई करत सुएझ कालवा ओलांडू लागलं. कालव्याची रुंदी जेमतेम 200 मीटर. पायदळ रबरी होड्यांतून पलीकडे गेलं, पण 36 टनांचा टी-55 रणगाडा होडीत बसत नाही. त्याला पूलच लागतो, आणि शत्रू सावध होऊन रणगाडे आणायच्या आत लागतो. इजिप्तकडे त्यासाठी सोव्हिएत बनावटीचा पीएमपी हा तरंगता पूल होता. 1960 च्या दशकात आलेल्या या पुलाने जगभरच्या लष्करी अभियंत्यांची विचार करण्याची पद्धतच बदलली.

जुना नौकासेतू म्हणजे ओळीने नांगरलेल्या होड्या किंवा पिंपं, त्यांच्यावर आडवे वासे आणि वाशांवर फळ्या. प्रयागच्या कुंभमेळ्यात गंगेवर आजही याच जातीचे पूल बांधतात आणि लाखो माणसं त्यावरून सुखरूप जातात. पण ते बांधायला माणसं आणि दिवस दोन्ही भरपूर लागतात. पीएमपीत होडी आणि रस्ता वेगळे नाहीतच. पोलादी पेटीचा वरचा पत्रा हाच रस्ता.

अशा चार पेट्या बिजागऱ्यांनी जोडून एक खंड होतो: मध्ये दोन चौकोनी, कडेला दोन निमुळत्या. कागदी पंख्यासारखी घडी घालून तो ट्रकवर बसवतात. ट्रक वेगात उलटा काठापर्यंत येतो, चालक करकचून ब्रेक दाबतो आणि खंड घसरून पाण्यात पडतो. पाण्याच्या रेट्याने घडी आपोआप उलगडते. सैनिक वर चढून कड्या अडकवतात आणि पावणेसात मीटर लांबीचा रस्ता तयार! पूर्ण संचातून 60 टनी वाहनांसाठी 227 मीटर लांबीचा पूल होतो आणि सराव झालेली तुकडी अनुकूल परिस्थितीत तो अर्ध्या तासात जोडते.

पाण्यावर तरंगणं हा यातला सोपा भाग. एका खंडाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने 50 चौरस मीटर धरू. तो एक सेंटिमीटर खाली गेला की अर्धा घनमीटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे अर्ध्या टनाचा भार पेलला जातो. 36 टनांसाठी त्याला 72 सेंटिमीटर बुडावं लागेल, आणि स्वतःच्या वजनाने तो आधीच थोडा बुडालेला असतो. पेटी इतकी खोल नसते. एकट्या खंडावर रणगाडा चढला तर पाणी थेट रस्त्यावर येईल.

पूल वाचतो तो सांध्यांमुळे. शेजारचे खंड असे घट्ट जोडलेले असतात की एक दबला की तो शेजाऱ्यांनाही खाली ओढतो. भार पाच खंडांत समान वाटला गेला असं समजा, तर प्रत्येकाला 15 सेंटिमीटरही बुडावं लागत नाही. प्रत्यक्षात वाटणी समान नसते. पूल दबून पडणारा खड्डा रणगाड्याखाली खोल आणि दोन्हीकडे उथळ होत जातो. त्याच्याही पलीकडे पूल किंचित वर उचलला जातो. रणगाड्याखाली सांध्याचा तळ ताणला जातो आणि वरची कड दाबली जाते; उचललेल्या भागात याच्या उलट. म्हणून खंड जोडणारी कुलपं खाली आणि वर दोन्हीकडे लागतात. पूल ओलांडताना हा खड्डा रणगाड्याबरोबर पुढे सरकतो. दोन वाहनांचे खड्डे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यात अंतर ठेवतात, हळू चालवतात, आणि पुलावर अचानक ब्रेक मारायची सक्त मनाई असते.

दुसरा शत्रू प्रवाह. त्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि वेगवान पाणी पेटीचं तोंड खाली खेचू पाहतं. कडेच्या पेट्या निमुळत्या आणि वर वळलेल्या असतात त्या यासाठीच. पूल जागेवर ठेवायला नांगर टाकतात किंवा मोटरबोटी प्रवाहाविरुद्ध सतत रेटत राहतात. सुएझला नदीसारखा जोरदार प्रवाह नव्हता, हे इजिप्तचं भाग्य. डिसेंबर 1995 मध्ये बोस्नियाकडे निघालेल्या अमेरिकी सैन्याला सावा नदीने हा धडा दिला. पूर आला, काठ पाण्याखाली गेले आणि पूल सुमारे 620 मीटरपर्यंत लांबवावा लागला. अमेरिकेचा हा 'रिबन' पूल पीएमपीच्याच कल्पनेवर बेतलेला, फक्त पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा. भारतीय सैन्याचा पीएमएस पूलही याच कुळातला. आपल्याकडे या विद्येचं मोठं केंद्र पुणे: खडकीला बॉम्बे सॅपर्स हे लष्करी अभियंत्यांचं दल, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि दिघीला पूल विकसित करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा.

माझ्या मते मात्र या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे काठ. पूल अर्ध्या तासात होईल, पण रणगाडा पाण्यापर्यंत उतरणार आणि पलीकडे चढणार कुठून? सुएझच्या पूर्व काठावर इस्रायलने वाळूचा बांध रचला होता, काही ठिकाणी 20 मीटर उंच. स्फोटकांनी तो नीट फुटेना. बाकी झाकी युसूफ या इजिप्शियन अभियंत्याने आस्वान धरणाच्या कामावर पाण्याच्या झोताने वाळू हलवताना पाहिली होती. त्याची सूचना मान्य झाली, पंप आले आणि कालव्याचंच पाणी मारून बांधाला खिंडारं पाडली. रात्रीपर्यंत उत्तरेकडच्या पुलांवरून रणगाडे जाऊ लागले. दक्षिणेला, सुएझ शहराच्या बाजूला, बांधाच्या मातीत चिकणमाती जास्त होती. झोताने ती वाहून जाण्याऐवजी तिचा चिखल झाला आणि तिथले पूल बरेच तास रखडले.

इस्रायली विमानांनी पुलांवर बॉम्ब टाकले, तेव्हा सुट्या खंडांचा आणखी एक फायदा दिसला: फुटलेला खंड काढून त्या जागी नवा लावता येत होता. काठावर खोळंबलेल्या वाहनांच्या रांगेला मात्र अशी सोय नसते. मे 2022 मध्ये युक्रेनमधल्या बिलोहोरिवकाजवळ सिव्हेर्स्की डोनेट्स नदी ओलांडू पाहणाऱ्या रशियन तुकड्यांवर तोफांचा मारा झाला. पुलाबरोबर दोन्ही काठांवर दाटलेली डझनावारी वाहनं नष्ट झाली.