युनियनमध्ये गेलं की लगेच युरो?

वर्षानुवर्षं फिरणारा फॉरवर्ड: 'देश युरोपियन युनियनमध्ये गेला की लगेच युरो सुरू.' वाटणं साहजिक आहे, पण तसं नाहीये. क्रोएशियाचं बघा ना, अर्ज केला २००३ला, मेंबर झाला १ जुलै २०१३ला, म्हणजे दहा वर्षं त्यातच गेली, आणि पुढची साडेनऊ वर्षं दुकानात 'कुना' हे त्यांचं जुनं चलनच चालत होतं, कारण युरोसाठी महागाई, सरकारी कर्ज, चलनाचा दर अशा वेगळ्या अटी पाळाव्या लागतात. युरो आला १ जानेवारी २०२३ला. खात्री करायची तर तिथलं १ युरोचं नाणं बघा, त्यावर मुंगसासारखा लांबट प्राणी आहे, त्यालाच कुना म्हणतात, जुन्या चलनाची ती आठवण मला फार आवडते, आणि साल २०२३च्या आधीचं दिसणार नाही. स्वीडन तर १९९५पासून मेंबर, तिथे अजून क्रोनाच.