इम्प्लांटवरच्या थरात कोणाकोणाची प्रथिने सापडतात?

खुब्याचा किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवला, की त्याचा धातू फार वेळ उघडा राहत नाही. रक्त लागताच काही क्षणांत त्याच्यावर रुग्णाच्याच प्रथिनांचा पातळ लेप चढतो: अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन. हाडाच्या पेशींना धातूवर पाय रोवायला हा लेप लागतो, आणि नेमका तोच जिवाणूंनाही सोयीचा पडतो. अँथनी ग्रिस्टिना या अस्थिशल्यचिकित्सकांनी १९८७ साली याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले. आधी आपल्या पेशी पोचल्या, तर इम्प्लांट हाडात रुजतो. आधी जिवाणू पोचले, तर पुढची कित्येक वर्षे रुग्णाचे हाल होऊ शकतात.

पहिल्यांदा सांधा बदललेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एका-दोघांना असा संसर्ग होतो. आकडा लहान वाटतो, पण अनेकदा बसवलेला सांधा पुन्हा काढावा लागतो, काही आठवडे अँटिबायोटिक द्यावी लागतात आणि मग नवा सांधा बसवतात. चालण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर माणूस पुन्हा अंथरुणाला खिळतो.

परकी वस्तू जिवाणूंचे काम किती सोपे करते, हे १९५७ मध्येच दिसले होते. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे लाखो जिवाणू टोचावे लागत. तिथे टाके घालण्याचा धागा असला, की काही शे पुरत. या जिवाणूच्या अंगावर पकड घेणारी प्रथिनेच असतात. 'क्लम्पिंग फॅक्टर' फायब्रिनोजेनला धरतो, दुसरी काही फायब्रोनेक्टिनला. एकदा बूड टेकले, की जिवाणू वाढतात, भोवती चिकट गर तयार करतात आणि त्यातच राहतात. हीच बायोफिल्म. गरात साखरेच्या लांब साखळ्या असतात, मेलेल्या जिवाणूंचा डीएनए असतो आणि भरपूर प्रथिने असतात. आतले बरेच जिवाणू जवळजवळ थंडावलेले असतात. वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणारी औषधे म्हणूनच तिथे थिटी पडतात.

मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो तो २०१४ सालचा एक शोध. ऑरियसच्या गरातली प्रथिने ओळखली, तेव्हा त्यांत एनोलेज आणि त्याच्यासारखी विकरे मोठ्या प्रमाणात निघाली. ही विकरे पेशीच्या आत राहून साखर मोडतात आणि ऊर्जा मिळवून देतात. बाहेर त्यांचे काय काम? बायोफिल्म वाढते तसे आतले वातावरण आम्लधर्मी होते. फुटलेल्या पेशींमधून सांडलेली ही प्रथिने त्या आम्लात शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि एकीला दुसरीशी जोडून ठेवतात. आम्लता कमी केली, की ती सुटतात. मेलेल्यांचे सामान जिवंत पेशींच्या घराला चुना म्हणून वापरले जाते! हे जनुकांच्या यादीवरून कधीच कळले नसते. एनोलेजचे जनुक जवळपास प्रत्येक सजीवात असते. ते प्रथिन कुठे सापडले, यातच सगळी बातमी होती.

अशी प्रथिने शोधायची कशी? काढलेला इम्प्लांट द्रवात बुडवून त्यावर ध्वनितरंगांचा मारा करतात, म्हणजे थर सुटून द्रवात येतो. २००७ साली ३३१ रुग्णांवरच्या अभ्यासात या द्रवाच्या कल्चरने, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून पाहण्याने, ७८.५ टक्के संसर्ग पकडले, तर भोवतालच्या ऊतींच्या कल्चरने ६०.८ टक्के. प्रथिनांसाठी त्याच द्रवात ट्रिप्सिन घालतात. हे विकर प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन आले, की त्याच्या पुढे कापते. मग मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजतो आणि संगणक कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाचा ते ताडून पाहतो.

अडचण अशी, की खऱ्या रुग्णाच्या इम्प्लांटवरून आलेल्या द्रवात माणसाचीच प्रथिने उदंड असतात. त्या गर्दीत जिवाणूंची मोजकी प्रथिने हरवून जातात. म्हणून बरेचसे संशोधन प्रयोगशाळेत, स्वच्छ प्लास्टिकवर वाढवलेल्या बायोफिल्मवर होते. ते काम मोलाचे आहे, पण अपुरे आहे असे माझे ठाम मत आहे. प्रयोगशाळेत जिवाणूंना भरपूर अन्न मिळते आणि वय असते एक-दोन दिवसांचे. हाडालगतचा थर मात्र महिनोन्‌महिने जुना असतो, तिथे ऑक्सिजन तुटपुंजा आणि लोह तर रुग्णाच्या प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेले. शिवाय ऑरियस कोअॅग्युलेज नावाचे प्रथिन सोडून रुग्णाच्याच फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे जाळे विणून घेतो. म्हणजे भिंतीची निम्मी सामग्री यजमानाची. ती वगळून त्या भिंतीचा अभ्यास कसा करणार?

पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेत ऑरियसचा संसर्ग टाळण्यासाठी चार घटकांची एक लस तपासली गेली होती. त्यांत क्लम्पिंग फॅक्टरही होता. लसीने प्रतिपिंडे तयार झाली, पण संरक्षण मिळेना, आणि २०१८ साली ती चाचणी थांबवली. या जिवाणूकडे चिकटण्याचे एकापेक्षा जास्त मार्ग आहेत. प्रत्यक्ष हाडाजवळ तो त्यांतले कोणते, कधी वापरतो हे पाहिल्याशिवाय नेम धरणे कठीण.

आणि त्या माणसाच्या प्रथिनांच्या गर्दीलाही आता वेगळी किंमत आली आहे. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा ऑरियसचा भाऊबंद जिवाणू प्रत्येकाच्या त्वचेवर असतो. तो कल्चरमध्ये उगवला, तर खरा संसर्ग की नमुना घेताना त्वचेवरून आलेला पाहुणा, असा पेच डॉक्टरांपुढे पडतो. अशा वेळी जिवाणूकडे न पाहता शरीराने त्याला दिलेले उत्तर पाहता येते. जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अल्फा-डिफेन्सिन नावाचे प्रथिन सोडतात, आणि सांध्यातल्या द्रवात ते मोजण्याची चाचणी आज निदानासाठी वापरात आहे.