एसआयपी सुरू आहे? मग एवढं वाचाच

एसआयपी (सिस्टिमॅटिक इन्व्हेस्टमेंट प्लॅन) हा वेगळा म्युच्युअल फंड नाही. निवडलेल्या फंडात ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम भरायची ही पद्धत आहे. फंड पडला की तुमची गुंतवणूकही पडते. "एसआयपी आहे, म्हणजे मुद्दल सुरक्षित" असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो आधी मनातून काढून टाका.

फायदा कसा होतो, ते आकड्यांतच बघा. दरमहा 5,000 रुपयांचा हप्ता आणि पाच महिन्यांची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा (हिश्श्याचा) भाव, 50, 40, 25, 40, 50 अशी धरू. युनिट मिळतील 100, 125, 200, 125, 100, म्हणजे एकूण 650. भरले 25,000, एक युनिट सरासरी 38 रुपये 46 पैशांना पडलं. एनएव्ही होती तिथेच परत आली, तरी किंमत झाली 32,500. ही कमाई मुख्यतः 25 च्या महिन्याची, आणि नेमके अशाच वेळी लोक हप्ता बंद करायला येतात. मार्च 2020 मध्ये सेन्सेक्स 26,000 च्या खाली गेला होता. 2021 च्या सुरुवातीला त्याने 50,000 चा टप्पा ओलांडला. मधले हप्ते ज्यांनी थांबवले, त्यांचे स्वस्तातले युनिट हुकले.

पण एनएव्ही 50, 55, 60, 65, 70 अशी चढत गेली तर? पहिल्याच दिवशी एकरकमी भरलेल्या 25,000 चे 35,000 होतात, हप्त्यांनी भरलेल्यांचे सुमारे 29,600. त्यामुळे एसआयपी नेहमीच सरस, असं आम्ही सांगणार नाही. पगारातून बचत करणाऱ्याला ती सोयीची, हे मात्र नक्की.

सगळ्यात कमी बोललं जातं ते जुन्या एसआयपीबद्दल. हप्त्यांमुळे खरेदी विभागली जाते, जमलेली रक्कम नाही. दहा वर्षांत 6 लाख भरून 10 लाख झाले असतील आणि बाजार 30 टक्के घसरला, तर 3 लाख कमी दिसतात. त्यापुढे 5,000 चा नवा हप्ता काय सावरणार? म्हणून मुलीचं कॉलेज किंवा निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली, की रक्कम टप्प्याटप्प्याने कमी जोखमीच्या फंडात हलवायला हवी. यासाठी आम्ही स्वतःहून फोन करतो. कृपया टाळू नका.

करासाठी प्रत्येक हप्ता स्वतंत्र खरेदी आहे. इक्विटी (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या) फंडात नफा दीर्घकालीन ठरण्याचे 12 महिने त्या त्या हप्त्याचे मोजतात, ईएलएसएसची (कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडाची) पैसे न काढता येणारी तीन वर्षंही तशीच. लिक्विड फंडातून (अगदी अल्प मुदतीच्या, कमी जोखमीच्या फंडातून) एसटीपी केली, म्हणजे ठरलेली रक्कम नियमितपणे दुसऱ्या फंडात हलवली, तर दर वेळी हलणारी रक्कम ही विक्री धरली जाते आणि तिच्या नफ्यावर कर लागतो.

खात्यात पैसे नसल्याने हप्ता चुकला, तर फंड कंपनी दंड लावत नाही, पण बँक शुल्क कापू शकते. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले, की ती रद्द होते. अडचण असेल तर तारखेच्या पुरेसे दिवस आधी कळवा, म्हणजे हप्ता थांबवण्याचा अर्ज वेळेत देता येईल.

म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे. योजनेची सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.