सिंहगडाच्या घाटातली कोंडी : पार्श्वभूमी

तानाजींची लढाई इथे पुन्हा सांगायला नको. नावाबद्दल मात्र एक सांगायला हवं. 'गड आला पण सिंह गेला' यावरून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शाळेपासून ऐकतो. लढाई १६७० ची, आणि 'सिंहगड' हे नाव १६६३ च्या पत्रातच सापडतं. त्याने तानाजींचं मोल कणभरही कमी होत नाही.

१८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि पुढे उन्हाळ्यात थंड हवेसाठी वर राहायला जायची रीत पडली. टिळकांचा बंगला अजून उभा आहे. १९१५ मध्ये गांधीजी त्यांना तिथेच भेटले. पुणेकर मात्र आतकरवाडीच्या वाटेने घाम गाळत चढायचे, देवटाक्याचं पाणी प्यायचे, मडक्यातलं दही खायचे आणि उतरायचे. घाटरस्ता झाला आणि गाडी थेट वाहनतळापर्यंत जायला लागली. तेव्हापासून गडावर किती माणसं मावतात यापेक्षा गाड्या किती मावतात, हाच प्रश्न होऊन बसला. नाक्यावर गाडीमागे 'उपद्रव शुल्क' घेतात. शब्द कानाला खटकतो, पण नेमका आहे.

मे २०२२ मध्ये खासगी गाड्या खालीच थांबवून इलेक्ट्रिक बसने लोकांना वर न्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता, असं मला आजही वाटतं. चुकली ती वेळ. मे म्हणजे सुट्ट्या; शनिवार-रविवारी पुणंच काय, बाहेरगावचे पाहुणेही गडावर. बस कमी, रांगा लांब. लहान मुलं कडेवर घेऊन माणसं उन्हात ताटकळली. घाटातली वळणं तर अशी, की लांब गाडी वळवताना चालकाचा कस लागावा. वर्षानुवर्षं जीपवर पोट भरणाऱ्या गावकऱ्यांचं काय, याचाही धड विचार झाला नव्हता. महिना भरायच्या आतच सेवा बंद पडली आणि गाड्या पुन्हा वर जाऊ लागल्या. आधी फक्त आडवारी, पावसाळ्यानंतर, थोड्या बसवर सुरुवात केली असती तर कल्पना इतक्या लवकर मोडीत निघाली नसती.

त्यानंतर 'बस' म्हटलं की लोक तो मे महिनाच काढतात. घाटातल्या दरडींचा धोका दर पावसाळ्यात आहेच. रस्ता बंद ठेवला की वर जायला पुन्हा आतकरवाडीचीच पायवाट उरते.