फ्लॅप (त्वचेचा) : शस्त्रक्रियेपूर्वीचे उपचार

जखम झाकण्यासाठी शेजारची कातडी चरबीसह उचलून, एक बाजू शरीराला जोडलेली ठेवून वळवतात. तिला फ्लॅप म्हणतात. रक्त त्या बाजूनेच येत असल्याने दूरचे टोक काळे पडून मरू शकते. ते जगावे म्हणून आधी करावयाच्या उपायांचा येथे विचार केला आहे.

असा एक उपाय म्हणजे फ्लॅप एकदम न उचलता टप्प्याटप्प्याने उचलणे (‘डिले’). त्याची सुरुवात कोठे झाली, यावर एकमत नाही. सुश्रुतसंहितेत (काळ वादग्रस्त, इ.स.पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मते आढळतात) नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये वर्णिलेल्या पुण्याकडील शस्त्रक्रियेत ती कपाळाची आहे. दोहोंत असा टप्पा दिसत नाही. इटलीच्या तालियाकोत्सीने १५९७ च्या ग्रंथात दंडावरील पट्टी दोन्ही टोके जोडलेली ठेवून सोडवली, खाली कापड सरकवले आणि काही दिवसांनी एक टोक कापले. हाच डिलेचा पहिला स्पष्ट पुरावा मानणे योग्य वाटते.

डिलेने नेमके काय घडते? ऊती कमी प्राणवायूवर जगायला सरावतात, हे जुने मत. शेजारच्या रक्तवाहिन्यांना जोडणाऱ्या अरुंद वाहिन्या रुंदावतात, हे दुसरे; शल्यविशारद टेलर यांच्या रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण अभ्यासांमुळे ते अधिक ग्राह्य ठरते. फ्लॅपची लांबी रुंदीवर ठरते हा समज शल्यविशारद मिल्टनने १९७० मध्ये डुकरांवरील प्रयोगांनी खोडला. लांबी रक्तपुरवठ्यावर ठरते.

हाच परिणाम औषधांनी साधावा म्हणून पेंटॉक्सिफायलिन, ॲलोप्युरिनॉल, प्रोस्टाग्लँडिन, सिल्डेनाफिल इत्यादी औषधे मुख्यतः उंदरांच्या पाठीवरील फ्लॅपवर तपासली गेली. उंदराची कातडी सैल, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर. माणसाची तशी नाही. त्यामुळे तेथील यश रुग्णाला जसेच्या तसे लागू करता येत नाही. स्तन काढल्यानंतर उरलेल्या कातडीवर शस्त्रक्रियेच्या शेवटी लावलेल्या नायट्रोग्लिसरीन मलमाने कातडी मरण्याचे प्रमाण घटल्याचे माणसांतील चाचणीत दिसले. मात्र ही पूर्वतयारी नव्हे.

विदर्भाच्या खेड्यांत भाजून आखडलेले सांधे आणि मळणीयंत्रात सापडलेले हात यांसाठी फ्लॅप लागतो. येथे औषधापेक्षा खर्रा (सुपारी-तंबाखूचे चघळायचे मिश्रण) सोडवणे महत्त्वाचे. त्यातील तंबाखूच्या निकोटिनने कातडीच्या वाहिन्या आकसतात. पुरावा मुख्यतः धूम्रपानाचा आहे, तरी चघळणाऱ्यालाही शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी खर्रा बंद करायला सांगावे. ‘बिडी नाही पीत’ या उत्तरावर थांबू नये. खर्रा वेगळा विचारावा. रक्तक्षय आणि मधुमेह आधी तपासून आटोक्यात आणावेत.